एडफू-देंदेराच्या भिंती वाचायला शिकायचंय : टॉलेमी काळातली चित्रलिपी, सुरुवात कुठून करावी?

शाईदौत
नमस्कार मंडळी, इजिप्तवर इथे आधी बरंच लिहून झालंय, पिरॅमिड, ममी, तुतनखामेन वगैरे, पण मला विचारायचंय ते त्याच्या खूप नंतरच्या काळाबद्दल म्हणून वेगळा धागा काढतेय. अलेक्झांडरनंतर जे ग्रीक टॉलेमी राजे आले आणि त्यांच्यामागून रोमन बादशहा, त्यांच्या काळात एडफू, देंदेरा, कोम ओम्बो, एस्ना, फिले ही मोठमोठी देवळं उभी राहिली, आणि आज इजिप्तमध्ये जी देवळं छतासकट शाबूत दिसतात ती बहुतेक हीच. तळापासून छतापर्यंत लिखाणाने भरलेली.

मी घरीच गार्डिनरचं व्याकरण घेऊन मध्य इजिप्शियन, म्हणजे जुनी अभिजात इजिप्शियन भाषा, शिकतेय. थडग्यातल्या दगडांवरचे नैवेद्याचे लेख बऱ्यापैकी लागतात, सिनुहेची गोष्ट कोश जवळ घेऊन वाचता येते. पण एडफूच्या फोटोला हात घातला की सगळं थांबतं. चिन्हं ओळखीची असतात, भुंगा दिसतो, माणसाचं डोकं दिसतं, तारा दिसतो, पण नेहमीचे उच्चार घालून बघितले की वाक्यच तयार होत नाही, आणि मध्येच अशी चित्रं येतात जी गार्डिनरच्या पुस्तकातल्या चिन्हांच्या यादीत नाहीतच. शिवाय दोनतीन ठिकाणी वाचलं की ही लिपी उतरत्या काळातली, बिघडलेली आहे, पुजाऱ्यांनी मुद्दाम कोडी घातलीत, नवशिक्याने तिकडे जाऊ नये. मला ते पटत नाहीये. इतकी वर्षं खपून कोणी बिघडलेलं लिहील का? कोणी हा रस्ता चाललं असेल तर कृपया सविस्तर सांगा, पुस्तकांची नुसती यादी नको, वाचायचं कसं ते सांगा.

सायलीचं_फूल
वाचतेय. वाचनखूण साठवली.

अनुस्वार
शाईदौत, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी जर्मनीत असताना इजिप्तॉलॉजीचे वर्ग केले होते आणि त्यात सगळ्यात जास्त जीव जडला तो याच देवळांवर, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे.

आधी ते 'बिघडलेली' प्रकरण. भाषा बिघडलेली नाही. पुजारी जी भाषा लिहीत होते ती त्यांच्याही दीड-दोन हजार वर्षं आधीची अभिजात भाषा, तुम्ही गार्डिनरवरून शिकताय तीच. घरात, बाजारात, करारपत्रांत लोक डेमॉटिक, म्हणजे रोजच्या व्यवहाराची भाषा आणि लिपी, वापरत होते आणि देवळाच्या भिंतीवर मात्र जुनी पवित्र भाषा. आपल्याकडे गावात मराठी चालायची आणि गाभाऱ्यात संस्कृत, तसंच. म्हणून तुमचं व्याकरण वाया गेलेलं नाही, उलट वाक्यरचनेच्या बाबतीत ही देवळं सोपी आहेत, वाक्यं आखूड, साचे ठरलेले. काही ध्वनी जवळ आलेले असतात, जुना 'च'सारखा ध्वनी 'त'मध्ये मिसळलेला, 'ज'सारखा 'द'मध्ये, त्यामुळे एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो, पण त्याची सवय लवकर होते.

बदललं ते लिखाण. गार्डिनरच्या यादीत साडेसातशेच्या आसपास चिन्हं आहेत आणि या देवळांमधली सगळी मोजली तर आकडा काही हजारांत जातो. हे ऐकून लोक घाबरतात. पण त्यातली पुष्कळशी एकाच चित्राची रूपं आहेत, हातात वेगळी वस्तू, डोक्यावर वेगळा मुकुट. आणि ती सगळी एका देवळात नाहीत, एडफूची आवड वेगळी, देंदेराची वेगळी, एस्नाची तर फारच वेगळी. एक देऊळ धरून बसलं की काही महिन्यांत तीच तीच चिन्हं भेटायला लागतात.

आता तुमचा भुंगा. जुन्या लेखनात तो 'खेपेर', होणे. इथे तोच 'ता' म्हणजे पृथ्वी, जमीन यासाठीही येतो. माणसाचं डोकं पुष्कळदा सात हा आकडा असतो, कारण डोक्याला सात द्वारं, दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या आणि तोंड. तारा म्हणजे पाच, त्याला पाच टोकं. किरणं सोडणारा सूर्य म्हणजे नऊ, कारण 'चमकणे' आणि 'नऊ' या दोन्ही शब्दांची व्यंजनं सारखीच. बसलेला स्फिंक्स दिसला तर 'नेब' वाचून बघा, स्वामी. बहिरी ससाणा नुसता होरस देव नाही, 'नेचेर' म्हणजे देव या शब्दासाठीही येतो, आणि तारासुद्धा. मला सर्वात आवडणारी जोडी म्हणजे शिंगवाला साप: तो बिळातून बाहेर येताना काढला की 'बाहेर पडणे', आत शिरताना काढला की 'आत जाणे'. हे कळलं की चेहरा उजळतो अक्षरशः.

प्ताह देवाचं नाव बघा. 'पेत' म्हणजे आकाश, त्यातला प. 'ता' म्हणजे पृथ्वी, त्यातला त. 'हेह' हा हात वर करून आधार देणारा देव, त्यातला ह. तिन्ही एकत्र रचले की प-त-ह असं नाव तर झालंच, पण चित्र काय दिसतं, तर एक देव आकाश आणि पृथ्वी वेगळी धरून उभा आहे. प्ताह हा सृष्टी घडवणारा देव. म्हणजे नाव लिहितानाच त्याचं काम सांगून टाकलंय. याला बिघाड कसं म्हणायचं? ज्याने हे लिहिलं त्याच्या डोक्यात ध्वनी आणि चित्र एकाच वेळी चालू होतं, आणि आपण फक्त ध्वनी शोधत बसतो म्हणून अडतो.

गणिताचे_मास्तर
फार छान लिहिलंय. पण एक शंका, एका चिन्हाला पाच-सहा उच्चार आणि एका उच्चाराला वीस चिन्हं असतील तर मग कुठलंही काहीही वाचता येईल की. नियम काय? की संदर्भावरून अंदाज बांधायचा आणि तो बरोबर निघाला की खूश व्हायचं?

अनुस्वार
मास्तर, नेमका हाच वाद विसाव्या शतकात झाला. फ्रेंच अभ्यासक एतिएन द्रियोतों यांचं मत होतं की ही चिन्हं शब्दाच्या पहिल्या व्यंजनावर चालतात, म्हणजे चित्र ज्याचं त्या शब्दाचा पहिला ध्वनी घ्या. ब्रिटिश अभ्यासक फेअरमन यांनी एडफूचे लेख घेऊन 1940च्या दशकात याला जोरदार विरोध केला. ते म्हणाले की बहुतेक नवे उच्चार जुन्या उच्चारांतली कच्ची व्यंजनं गळून तयार झालेत, दोन-तीन व्यंजनांच्या शब्दातलं जे ठाम व्यंजन उरतं तेच चिन्हाचा उच्चार होतं, मग ते पहिलं असो की नसो. गिधाडाचं उदाहरण घ्या, 'मुत' (व्यंजनं म-व-त) म्हणजे आई, त्यातला व गळतो, शेवटचा त स्त्रीलिंगी प्रत्ययाचा आणि तो बोलण्यात कधीच पुसट झालेला, उरतो म. आज बहुतेकांचा कल असा की फेअरमनचं तत्त्व जास्त ठिकाणी लागू पडतं, पण पहिल्या व्यंजनाचा मार्गही आहेच, वरचा प्ताह बघा.

आणि अंदाजाबद्दल. वाट्टेल ते वाचता येत नाही कारण तेच वाक्य त्याच देवळात दहा ठिकाणी दहा प्रकारे लिहिलेलं असतं. एका ठिकाणी साध्या अक्षरांत, दुसरीकडे चित्रांत. दोन्ही शेजारी ठेवले की उच्चार सिद्ध होतो. फेअरमननी हेच केलं. म्हणून मी म्हणतो चिन्हांच्या याद्या पाठ करायला बसू नका, समांतर ओळी गोळा करा.

शाईदौत
अनुस्वार, प्ताहचं उदाहरण वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. आता समांतर ओळी गोळा करायच्या म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? एडफूच्या भिंतीवर तर हजारो ओळी आहेत, कुठली ओळ कुठे आहे हे कसं कळणार?

अनुस्वार
हाच कळीचा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर आधी भिंत वाचा, मग अक्षरं.

या देवळांची भिंत आडव्या पट्ट्यांत विभागलेली असते. सगळ्यात खाली जोत्याजवळची पट्टी, तिथे बहुधा नाईलच्या आणि प्रांतांच्या देवता ओळीने नैवेद्य घेऊन आत चाललेल्या. त्यावर एक लांबलचक आडवी ओळ, मग एकावर एक चौकटींच्या रांगा, आणि वर पुन्हा आडवी ओळ. चौकटीत नेहमी एकच प्रसंग, राजा देवाला काहीतरी देतोय. राजा बाहेरून आत जाणारा, देव आतून बाहेर बघणारा, कारण देव तिथे राहतो आणि राजा भेटायला आलेला असतो. अक्षरं त्या त्या आकृतीच्या दिशेने तोंड करतात. म्हणजे पक्षी आणि माणसं कुणीकडे बघतायत एवढं बघितलं की हा मजकूर राजाचा की देवाचा हे वाचायच्या आधीच कळतं. पक्ष्याच्या तोंडाकडून वाचायला सुरुवात करायची हा नियम जुनाच.

प्रत्येक चौकटीत काय काय असणार तेही ठरलेलं. आधी विधीचं नाव, 'द्राक्षासव अर्पण करणे', 'मात (सत्य आणि सुव्यवस्थेची देवी) अर्पण करणे', 'दूध अर्पण करणे', त्याखाली राजाने म्हणायचे शब्द. राजाच्या डोक्यावर कार्टूशमध्ये, म्हणजे लंबगोल चौकटीत, त्याची नावं, राजाच्या पाठीमागे एक उभी ओळ. देवाच्या बाजूला 'जेद मेदू इन', म्हणजे 'यांनी उच्चारलेले शब्द', मग देवाचं नाव आणि विशेषणांची माळ, मग देव परत काय देतो ते, 'मी तुला देतो' असं सुरू होणारं. देवाच्या पाठीमागेही एक उभी ओळ. राजाने द्राक्षासव दिलं की देव त्याला द्राक्षमळे असलेले प्रदेश देणार, शेत दिलं की पीकपाणी देणार. देणं आणि परतफेड एकमेकांना धरून असतात, त्यामुळे एका बाजूचा शब्द अडला तर दुसऱ्या बाजूने तो सुटतो.

एडफूत पहिल्यांदा पाठ करायची माळ म्हणजे तिथल्या होरसची. 'बेहदेती, नेचेर आ, नेब पेत, साब शुत, पेर एम आखेत.' बेहदेतचा, म्हणजे एडफूचा देव, महान देव, आकाशाचा स्वामी, रंगीबेरंगी पिसांचा, क्षितिजातून बाहेर येणारा. ही माळ त्या देवळात इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी लिहिलीय की दुसरा कुठला शिक्षक लागत नाही. 'नेब'च्या जागी कधी टोपली, कधी स्फिंक्स. 'नेचेर'च्या जागी कधी ध्वज, कधी ससाणा, कधी तारा. 'पेर'च्या जागी कधी घर, कधी बाहेर येणारा साप. ही एकच माळ वेगवेगळ्या चौकटींतून वहीत उतरवा, एकाखाली एक. चिन्हांची यादी आपोआप तयार होते आणि ती तुमची स्वतःची असते.

दूरदेशी
अनुस्वार यांना दंडवत. मी दुबईत असतो, इजिप्तला जाणं होतं, एडफूला जाऊन आलोय म्हणून फोटोबद्दल लिहितो कारण घरी बसून वाचायचं तर सगळा खेळ फोटोवर आहे.

उजेड तिरपा पाहिजे. भर दुपारी बाहेरच्या भिंतीचे फोटो काढले तर काही दिसत नाही, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर सावली खोदकामात उतरते तेव्हा एकेक रेघ स्पष्ट होते. बाहेरच्या भिंतींवर चित्रं आत खोदलेली असतात आणि आतल्या दालनांत उठावाची, त्यामुळे आत टॉर्च बाजूने धरली तरच फायदा, समोरून मारली तर सगळं सपाट. बऱ्याच आकृत्यांचे चेहरे आणि हात टाकी मारून फोडलेले आहेत, नंतरच्या ख्रिस्ती काळातलं ते काम असं मानतात, पण अक्षरं पुष्कळ ठिकाणी वाचलेली आहेत. आणि एक महत्त्वाचं, चौकटीचा जवळून फोटो काढायच्या आधी लांबून अख्ख्या भिंतीचा एक फोटो काढा, नाहीतर घरी आल्यावर ती चौकट कुठल्या दालनातली हे शोधण्यात जीव जातो. वर अनुस्वार म्हणतात तसं भिंतीवरची जागा माहीत नसेल तर अर्धं वाचन गेलंच.

1860 मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएत यांनी हे देऊळ मोकळं करायला घेतलं तेव्हा छतावर लोकांची घरं होती आणि आत वाळू आणि कचरा छतापर्यंत. त्या ढिगाऱ्यानेच भिंती राखल्या म्हणायच्या.

सायलीचं_फूल
मला भाषेचा प्रश्न आहे. इंग्रजीवर भागतं का? आणि कॉम्प्युटरवर ही चिन्हं टाइप करता येतात का, की सगळं हातानेच?

अनुस्वार
इंग्रजीवर सुरुवात होते, पुढे फ्रेंच आणि जर्मन लागतेच, यात मी गोड बोलणार नाही. एडफूचे सगळे लेख रोशमोंतेक्स आणि शासिना यांनी फ्रेंचमध्ये छापले, पहिला भाग 1892 मध्ये सुरू झाला आणि काम 1930च्या दशकापर्यंत चाललं, कैरोतल्या फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने त्यासाठी चिन्हांचे छपाईचे खिळे पाडून घेतले. संदर्भही तसेच देतात, एडफूचा अमुक खंड, अमुक पान, अमुक ओळ. देंदेरा शासिना, दोमा आणि कोव्हील यांचं, एस्ना सोनेरों यांचं, सगळं फ्रेंच. जर्मनीत गॉटिंगेनच्या अकादमीचा एडफू प्रकल्प डीटर कुर्ट यांच्याकडे होता, आणि टॉलेमी काळाच्या लिपीचं सगळ्यात व्यवस्थित व्याकरण त्यांनीच जर्मनमध्ये लिहिलंय. इंग्रजीत फेअरमनचे लेख आहेत, त्यातला फ्रेंच संस्थेच्या वार्षिकात छापलेला लेख तिच्या साइटवर फुकट मिळतो, आणि पेनेलोपी विल्सन यांचा एडफूच्या शब्दांचा कोश इंग्रजीतच आहे. पुण्यात राहत असाल तर आलियाँस फ्राँसेज, मॅक्स म्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूट, भाषेची सोय घराजवळ आहे, आणि वाचण्यापुरती भाषा बोलण्यापेक्षा लवकर येते.

टायपिंगसाठी जेसेश नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, टॉलेमी काळाची बरीच चिन्हं त्यात आहेत. युनिकोडमध्ये 2009 साली 1071 चिन्हं आली, ती मुख्यतः गार्डिनरच्या यादीवर बेतलेली, आपल्या कामाला अपुरी. 2024 मध्ये आणखी 3995 चिन्हांची भर पडली आणि ती या देवळांसाठी मोठी मदत आहे, फक्त ती दाखवणारा फॉन्ट पाहिजे. शब्द शोधायला बर्लिन आणि लाइपझिगच्या अकादम्यांचा ऑनलाइन शब्दसंग्रह उघडा, तोही फुकट.

पण वही सोडू नका. पेन्सिलने चिन्ह उतरवताना त्या माणसाच्या हातात काठी आहे की भांडं हे डोळ्यांना बघावंच लागतं, आणि या लिपीत अर्थ तिथेच असतो. छापील खिळे कितीही चांगले असले तरी भिंतीवरचे बारकावे त्यात सपाट होतात, म्हणून छापील ओळ आणि फोटो दोन्ही समोर पाहिजेत.

कुंभारवाडा
एस्नाचं नाव आलं म्हणून लिहितोय. आमचं घराणं कुंभाराचं, आणि एस्नाचा देव ख्नूम हा चाकावर माणसं घडवणारा देव आहे हे कळल्यापासून मला त्या देवळाची ओढ. मेंढ्याचं डोकं असलेला देव. देवळाचा आता फक्त पुढचा खांबांचा मंडप उरलाय आणि तो आजच्या रस्त्यापेक्षा बराच खाली, खड्ड्यात उतरल्यासारखं उतरावं लागतं. 2018 पासून इजिप्तचा पुरातत्त्व विभाग आणि जर्मनीतलं ट्युबिंगेन विद्यापीठ मिळून तिथली काजळी साफ करतायत आणि खालून मूळ रंग निघालेत, निळा, लाल, पिवळा, अगदी ताजे. नुसते रंगच नाहीत, शाईने लिहिलेले आणि कधीच न खोदलेले मजकूर निघाले जे सोनेरोंना काजळीखाली दिसलेच नव्हते, नक्षत्रांची नावंसुद्धा.

तिथे एक स्तोत्र जवळजवळ पूर्ण मेंढ्यांच्या चित्रांत लिहिलंय आणि दुसरं मगरींच्या. हे कसं वाचतात? एकच प्राणी सगळीकडे असेल तर शब्द वेगळे कसे कळतात?

रेवदंडा
अवांतर होईल पण राहवत नाही. संस्कृतात चित्रकाव्य असतं त्यात एकाच व्यंजनावर अख्खा श्लोक रचतात. हे एस्नाचं प्रकरण त्या जातीचं वाटतंय मला.

अनुस्वार
रेवदंडा, अवांतर अजिबात नाही, पण एक मोठा फरक आहे. एकाक्षरी श्लोक कानाला ऐकू येतो, तोच ध्वनी परत परत येतो. एस्नाचं मेंढ्यांचं स्तोत्र मोठ्याने म्हटलं तर साधी देवस्तुती ऐकू येईल, निरनिराळे शब्द, नेहमीची विशेषणं. मेंढे फक्त डोळ्यांना दिसतात. एका मेंढ्याला एक मुकुट, दुसऱ्याला दुसरा, एखाद्यापुढे काही वस्तू, आणि त्यावरून प्रत्येकाचा उच्चार वेगळा. म्हणजे म्हणणारा ख्नूमची स्तुती म्हणतोय आणि भिंत त्याच वेळी नुसता ख्नूम, ख्नूम, ख्नूम दाखवतेय. कुंभारवाडा, याचं वाचन अभ्यासकांनी केलेलं आहे, ट्युबिंगेनच्या ख्रिस्तियान लाइट्झ यांचं त्यात मोठं काम आहे, पण सगळ्या शब्दांवर एकमत नाही. नवशिक्याने याच्यापासून सुरुवात करू नये हे मात्र खरं. ही टोकाची उदाहरणं आहेत आणि लोक तीच दाखवून सगळ्या लिपीला 'गुप्त लिपी' म्हणतात. एडफूच्या भिंतींवरची बहुतेक वाक्यं वाचली जावीत म्हणूनच लिहिलेली आहेत.

गणिताचे_मास्तर
वाचली जावीत पण कोणी? सामान्य माणसाला आत प्रवेश होता का?

अनुस्वार
आतल्या दालनांत नव्हता, तिथे फक्त पुजारी, तेही शुद्ध होऊन. वाचणारे होते ते देवळाला जोडलेल्या 'जीवनगृहा'त शिकलेले, पोथ्या नकलणारे. एडफूत एका छोट्या दालनाच्या भिंतीवर देवळातल्या पोथ्यांची यादीच कोरलेली आहे, दुसऱ्या दालनात धूप आणि सुगंधी तेलांच्या कृती, काय किती घ्यायचं आणि किती दिवस ठेवायचं. माझ्या मते या लेखांचा पहिला वाचक देवच होता. भिंत रोजचा विधी करत राहते, पुजारी असो नसो, राजा अलेक्झांड्रियात असो की रोममध्ये. आणि म्हणूनच चित्राला इतकं महत्त्व, देवाला दाखवायचं आहे.

शाईदौत
मंडळी, अपडेट द्यायला आले. एडफूच्या आतल्या दालनांच्या फोटोंतून होरसची माळ उतरवायला घेतली आणि खरंच लागतेय! 'साब शुत' आधी ओळखता येईना, मग पिसांची चिन्हं पक्की झाली आणि तिथून मागे गेले. टॉलेमीच्या कार्टूशमध्ये 'तो अनंतकाळ जगो, प्ताहचा लाडका' हेही सापडलं. पण एक अडलंय. द्राक्षासवाच्या चौकटीत राजाच्या शब्दांत 'इरेप' कुठेच नाही, तिथे होरसचा डोळा आहे आणि पपायरसचा दांडा. हे काय?

अनुस्वार
वा! फार आनंद झाला वाचून. ते द्राक्षासवच आहे. 'होरसचा हिरवा डोळा' हे त्याचं धार्मिक नाव, दांडा म्हणजे 'वाज', हिरवा, ताजा. होरसचा शत्रू असलेल्या सेत देवाने होरसचा डोळा काढला आणि तो परत मिळाला, त्यामुळे देवाला दिलेली प्रत्येक वस्तू म्हणजे परत दिलेला डोळा. तसंच दुधाच्या चौकटीत 'आंख-वास' दिसलं तर गोंधळू नका, जीवन आणि सत्ता, ते दुधाचं नाव आहे. अशी नावं कोशापेक्षा राजाच्या हातातली भांडी बघून लवकर ओळखता येतात, दोन गोल कुंभ असतील तर द्राक्षासव.

कार्टूशबद्दल एक सूचना. 'टॉलेमी' हे नाव सगळ्याच टॉलेमींचं, त्यावरून कुठला ते कळत नाही. शेजारच्या कार्टूशमधलं राज्याभिषेकाचं नाव बघायचं, ते लांब असतं आणि प्रत्येकाचं वेगळं. देंदेरात तर कित्येक कार्टूश रिकामे आहेत किंवा त्यात नुसतं 'पेर-आ', फॅरो, एवढंच. त्या देवळाचं काम इ.स.पू. 54 मध्ये सुरू झालं, अलेक्झांड्रियात गादीचा भरवसा नव्हता. रोमन काळात 'ऑटोक्रेटर' आणि 'कैसरोस' ही बादशहांची बिरुदं एकेका अक्षराने लिहिलेली सापडतील, नवीन अक्षरं पक्की करायला ते उत्तम, कारण उत्तर आधीच माहीत असतं.

रेवदंडा
त्या काळाचा आपल्याशी धागा आहे म्हणून सांगतो. तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर टॉलेमींनी वसवलेलं, तिथल्या इसिसच्या देवळाच्या उत्खननात संगमरवरी बुद्धमूर्ती निघाली, बादशहा फिलिप द अरब याच्या काळातला संस्कृत लेख निघाला, आणि सातवाहनांची दोन नाणीसुद्धा. म्हणजे एस्नाच्या खांबांवर चित्रलिपी कोरली जात होती त्याच शतकांत आपल्या दख्खनचे व्यापारी त्या देशात ये-जा करत होते. त्यांनी एखादं देऊळ बाहेरून बघितलं असेल असं मला फार वाटतं.

दूरदेशी
आणि हे थांबलं कधी?

अनुस्वार
एस्नात तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत, बादशहा डेसियसचं नाव तिथे आहे. फिलेला त्याहून पुढे. 24 ऑगस्ट 394 रोजी नेसमेतेरआखेम नावाच्या पुजाऱ्याने तिथल्या हेड्रियनच्या दरवाजाजवळ मंदुलिस देवाच्या आकृतीपाशी लेख कोरला, तारीख माहीत असलेला चित्रलिपीतला तो शेवटचा. त्याच देवळात डेमॉटिक 452 पर्यंत दिसतं. त्यानंतर ही लिपी वाचणारं कोणी उरलं नाही, थेट 1822 मध्ये ती उलगडणाऱ्या शांपोलियोंपर्यंत, आणि त्यांनाही कुलूप उघडायला मिळाले ते टॉलेमी आणि क्लिओपात्रा यांचे कार्टूशच, म्हणजे याच काळाची लिपी. 'उतरता काळ' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शाईदौत
आता पुढे काय वाचू? चौकटी चालूच ठेवते, पण थोडा सलग मजकूर हवासा वाटतोय.

अनुस्वार
मग एडफूच्या प्राकाराच्या भिंतीची बाहेरची बाजू घ्या, सातवा खंड, अगदी सुरुवातीची पानं. खालच्या लांब आडव्या ओळीत देवळाच्या बांधकामाची हकीकत आहे. टॉलेमी तिसरा याच्या दहाव्या वर्षी पायाभरणी, म्हणजे 23 ऑगस्ट 237 इ.स.पू. पुढे दक्षिणेत बंड झालं, काम थांबलं, बंडखोर देवळाच्या आत लपले होते असं भिंतच सांगते. मग टॉलेमी पाचव्याच्या एकोणिसाव्या वर्षी बंड मोडलं आणि काम पुन्हा सुरू. शेवटची दारं बसली ती 57 इ.स.पू. मध्ये, म्हणजे 180 वर्षं. यात तारखा आहेत, राजांची नावं आहेत, मापं आहेत, आणि आकडे असल्यामुळे डोकं म्हणजे सात वगैरे लक्षात ठेवलेलं कामाला येईल. इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतरं झालेली आहेत, ती आधी उघडू नका, एक परिच्छेद स्वतः उतरवून झाला की मगच ताडून बघा.

कुंभारवाडा
मीही येतो यात, माझं मध्य इजिप्शियन कच्चं आहे पण चिन्हं उतरवून देईन. वेगळा धागा काढायचा का?

शाईदौत
हो, काढते. दूरदेशी, तुमच्याकडे त्या बाहेरच्या भिंतीचे फोटो असतील तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, शक्यतो पायाभरणीच्या तारखेची ओळ ज्या टोकाला आहे तिथले.

दूरदेशी
आहेत, सकाळच्या उजेडातले. आज रात्री पाठवतो. एक दोन ठिकाणी दगड झडलाय, तिथे शासिनांच्या छापील ओळीवर भिस्त ठेवावी लागेल.